मिलर बीच: आधी वारा बघा, मग टॉवेल भरा

गॅरी हे नाव ऐकलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भट्ट्या येतात, ओस पडलेला ब्रॉडवे हा तिथला मुख्य रस्ता येतो, आणि आय-९० महामार्गावरून जाताना गाडीच्या काचा वर करायला लावणारा वास आठवतो. इंडियानातलं हे शहर १९०६ मध्ये यूएस स्टीलनं वाळूच्या टेकड्या सपाट करून वसवलं आणि कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचं नाव त्याला दिलं. त्याच शहराच्या ईशान्य कोपऱ्यात, प्लांटचं कुंपण संपून ओकचं एक रान मागे पडलं की मिलर लागतं. वाळूच्या चढउतारांवर बसलेली घरं, झाडांखालून वळत जाणारे रस्ते, आणि रस्ता संपतो तिथे मिशिगन सरोवर. मिलर गॅरीपेक्षा जुनं आहे. रेल्वेच्या थांब्याभोवती ते एकोणिसाव्या शतकातच वसलं, १९०७ मध्ये स्वतंत्र नगर म्हणून नोंदलं गेलं, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत गॅरीनं ते पोटात घेतलं.

इथे जायचं ठरलं की लोक फोनवर तापमान बघतात. तीस डिग्री दिसलं की कूलर भरून निघतात. चूक तिथेच होते. मिलरला जाताना तापमान नंतर बघायचं, आधी वाऱ्याची दिशा बघायची. पाणी कसं असेल, किती गार असेल, हवेला वास येईल का, मुलांना पाण्यात सोडायचं का, या सगळ्याचं उत्तर दिशेत असतं.

आधी नकाशा डोक्यात पक्का करून घ्या. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना किनाऱ्यावर क्रमानं लागतात ते असे: गॅरी वर्क्स हा स्टील प्लांट, मग मिलर वुड्स हे राष्ट्रीय उद्यानातलं रान, मग लेक स्ट्रीट बीच, मार्केट पार्क, वेल्स स्ट्रीट बीच, आणि काउंटी लाइन रोड ओलांडल्यावर वेस्ट बीच. (हे मार्केट बाजाराचं नव्हे. सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाद्री जाक मार्केट यांचं आहे. त्यांचा पुतळा पार्कात उभा आहे.) यातले लेक स्ट्रीट, मार्केट पार्क आणि वेल्स स्ट्रीट हे गॅरी शहराचे. मिलर वुड्स आणि वेस्ट बीच इंडियाना ड्यून्स राष्ट्रीय उद्यानाचे. हा फरक खिशाला लागतो. उद्यानानं ३१ मार्च २०२२ पासून प्रवेश शुल्क सुरू केलं. गाडीमागे सात दिवसांचे २५ डॉलर असा तेव्हाचा दर होता. हा पास शहराच्या पार्किंगला चालत नाही, आणि शहराची पार्किंगची पावती उद्यानात चालत नाही. एकाच दिवसात दोन्हीकडे जायचं असेल तर दोन्हीचे पैसे धरून चाला, आणि निघण्याआधी चालू दर बघून घ्या.

उत्तरेचा वारा

मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे ४९० किलोमीटर लांब आहे आणि मिलर त्याच्या अगदी दक्षिण टोकाला. म्हणजे उत्तरेकडून वारा सुटला की त्याला लाट उठवायला जवळजवळ अख्ख्या सरोवराची लांबी मिळते. शिकागोत झाडाची पानं जेमतेम हलत असली तरी रात्रभर उत्तरेकडून वाहिलेल्या वाऱ्याच्या लाटा सकाळी मिलरला येऊन आपटत असतात.

समुद्राची सवय असलेल्या माणसाला ही लाट फसवते. समुद्राच्या लाटा लांब पल्ल्याच्या असतात, दोन लाटांमध्ये दम घ्यायला उसंत मिळते. इथे तीन ते पाच सेकंदांत पुढची लाट हजर. उंचीनं ती फार वाटत नाही, पण पडलेला माणूस उभा राहतो न राहतो तोच दुसरी अंगावर येते. शिवाय पाणी गोडं, त्यामुळे खाऱ्या पाण्याइतकं ते अंग उचलून धरत नाही. भरती-ओहोटी जवळपास नसल्यातच जमा, म्हणून ‘ओहोटी आहे, आत जाऊ’ हा हिशेबही इथे कामाचा नाही.

तळाची रचनाही समजून घ्यायला हवी. किनाऱ्यापासून आत जाताना आधी पाणी कंबरेपर्यंत, कधी छातीपर्यंत खोल होतं. तो एक लांबट चर असतो. तो ओलांडला की वाळूचा बांध लागतो आणि पाणी पुन्हा गुडघ्याएवढं. मुलांना हा बांध फार आवडतो. ‘बघा, मी इतक्या लांब उभा आहे!’ असं ओरडायला तीच जागा. पण लाटांनी बांधावरून आत ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं. ती वाट म्हणजे बांधाला पडलेली खिंड. तिथून पाणी जोरात बाहेर जातं, तोच रिप करंट. काठावरून बघितलं तर त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी गढूळ दिसतं आणि फेस आत वाहत जाताना दिसतो. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा शांत वाटते आणि तो तिथूनच उतरतो. प्रत्येक वादळानंतर बांध आणि खिंडी जागा बदलतात, त्यामुळे मागच्या आठवड्यातली ‘आपली सुरक्षित जागा’ या आठवड्यात तशी असेलच असं नाही.

ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही. पाठीवर या, तरंगा, श्वास सावरा. ओढ कुठे नेते आहे ते बघा आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हा. बहुतेक माणसं बुडतात ती करंटनं खाली खेचल्यामुळे नव्हे. करंट खाली खेचत नाही, बाहेर नेतो. माणूस त्याच्याविरुद्ध हात मारत राहतो, दमतो आणि मग बुडतो. दुसऱ्याला वाचवायला जाताना हातात तरंगणारं काहीतरी हवंच. रिकामा कूलर झाकण लावून नेला तरी चालतो.

धक्के, बंधारे, स्टीलच्या भिंती यांच्या कडेनं तर वारा साधा असला तरी पाण्यात उतरू नये. लाट भिंतीवर आपटून परतते आणि भिंतीलगत बाहेर जाणारा प्रवाह तयार होतो. तो बांधाच्या खिंडीसारखा येत-जात नाही, लाटा आहेत तोवर तिथेच असतो.

राष्ट्रीय हवामान सेवेचं शिकागो कार्यालय उन्हाळ्यात या किनाऱ्यासाठी रोज ‘सर्फ झोन फोरकास्ट’ काढतं. त्यात लेक आणि पोर्टर काउंटीसाठी पोहण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त ते लिहिलेलं असतं. मिलर लेक काउंटीत येतं, वेस्ट बीच पोर्टरमध्ये. त्याच्या जोडीला मिशिगन सिटीसमोरचा ४५१७० क्रमांकाचा तरंगता बॉय (पाण्यावरचं मोजमाप-यंत्र) बघावा. लाटेची उंची आणि पाण्याचं तापमान थेट मिळतं. हिवाळ्यात तो काढून ठेवतात. आमचा साधा नियम असा: लाट तीन फुटांच्या वर असेल तर लहान मुलं पाण्यात जात नाहीत, वाळूत खड्डे खणतात. जीवरक्षक असतीलच असं गृहीत धरू नका. उद्यानाच्या हद्दीत ते फक्त वेस्ट बीचला, तेही उन्हाळ्याच्या मोसमात आणि ठरावीक वेळेत.

दक्षिणेचा वारा, आणि पश्चिमेचा

दक्षिणेचा वारा जमिनीवरून सरोवराकडे जातो. अशा दिवशी पाणी आरशासारखं सपाट असतं, आणि दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली म्हणजे पाण्याचा गारवा. वारा वरचा गरम थर आत ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. बाहेर ३३ डिग्री आणि पाण्यात पाय टाकला की घोटे बधिर, असं जुलैतही होतं. मे-जूनमध्ये तर पाणी तसंच गार असतं. थंड पाण्यात एकदम सूर मारला की पहिल्या मिनिटात आपोआप जोराचा श्वास आत ओढला जातो. तो पाण्याखाली ओढला गेला तर संपलंच. म्हणून चालत उतरायचं, मानेवर पाणी मारायचं, मग पुढे.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा भरलेली खेळणी. फ्लेमिंगो, गादी, टायर, जे काही असेल ते दक्षिणेच्या वाऱ्यात उत्तरेला, भर सरोवरात निघतं. त्याच्यामागे पोहत जाणं हा मूर्खपणा आहे. खेळणं तुमच्यापेक्षा वेगानं जातं. गेलं ते गेलं म्हणायचं.

वारा पश्चिमेचा असेल तर पाण्यापेक्षा हवेचा विचार करावा लागतो. गॅरी वर्क्स हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा एकात्मिक स्टील प्लांट, म्हणजे लोहखनिजापासून पत्र्यापर्यंत सगळं एकाच आवारात. मूळ कंपनी आता जपानच्या निप्पॉन स्टीलची झाली आहे. तो व्यवहार जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो बहुधा गरम स्लॅगवर, म्हणजे भट्टीतल्या मळीवर, पाणी मारताना सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा. बारीक धूळ मात्र नाकाला कळत नाही. घरात दम्याचं कोणी असेल तर एअरनाऊ या हवेच्या गुणवत्तेच्या साइटवर पीएम २.५ (म्हणजे हीच बारीक धूळ) आणि ओझोन दोन्ही बघा. ओझोनचं गणित उलटं आहे. तो वाढतो कडक उन्हाच्या, जवळजवळ वारा नसलेल्या दिवशी. शिकागो आणि या पट्ट्यातला धूर सकाळी सरोवरावर साचतो, उन्हात शिजतो आणि दुपारी सरोवरावरून येणारी झुळूक तो किनाऱ्यावर आणून सोडते. म्हणजे ‘छान गार झुळूक सुटली’ म्हणत आपण खोल श्वास घेतो नेमका तेव्हा ओझोन सर्वाधिक असतो. अशा दिवशी सकाळी लवकर जाऊन अकरा-बारापर्यंत परतावं.

वीजवादळाची एक वेगळी भानगड आहे. वादळाची रांग सरोवर ओलांडते तेव्हा हवेच्या दाबातल्या उडीमुळे पाण्याचा एक फुगवटा तिच्याबरोबर सरकतो, समोरच्या काठावर आपटतो आणि उलटा येतो. २६ जून १९५४ ला तो आधी मिशिगन सिटीच्या बाजूला आदळला आणि परतून शिकागोच्या काठावर पोहोचला तेव्हा तिथलं वादळ निघून गेलं होतं; धक्क्यावर मासे पकडणारी माणसं निवांत बसलेली होती आणि त्यांतली काही वाहून गेली. तेव्हा वीज थांबली म्हणून लगेच पाण्यात धावू नका. दीड-दोन तास जाऊ द्या.

पाणी स्वच्छ आहे का?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि उत्तर ‘आज नाही, काल होतं’ अशा प्रकारचं असतं. पाण्याच्या नमुन्यात १०० मिलीलिटरमागे ई. कोलाय या विष्ठेतल्या जिवाणूच्या २३५ पेक्षा जास्त वसाहती निघाल्या तर बीचवर सूचना लावतात. पण नमुना वाढवून मोजायला १८ ते २४ तास लागतात. म्हणजे आज लावलेली पाटी कालच्या पाण्याची. म्हणून सूचना आणि पाऊस दोन्ही बघायचं. राज्याची ‘बीचगार्ड’ ही साइट बीचनुसार निकाल दाखवते. जोराचा पाऊस झाला असेल तर पुढचे एक-दोन दिवस पोहणं टाळा. या पट्ट्यातल्या जुन्या शहरांमध्ये सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून वाहतं आणि अतिवृष्टीत ते नदीनाल्यांत उसळतं. दुसरं कारण समुद्रपक्षी. लोकांनी टाकलेल्या चिप्सवर जमणारा थवा बाकीचं काम करतो. ओल्या वाळूत पाण्यापेक्षा जास्त जिवाणू असू शकतात, म्हणून किल्ला बांधून झाला की मुलांचे हात धुवून मगच खाऊ द्या.

कारखान्यांच्या सांडपाण्याचं वेगळं. एप्रिल २०१७ मध्ये शेजारच्या पोर्टेजमधल्या स्टील प्लांटमधून हेक्झाव्हॅलंट क्रोमियम हे विषारी रसायन बर्न्स वॉटरवे या कालव्यात गेलं आणि वेस्ट बीचसह आसपासचे किनारे बंद करावे लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये बर्न्स हार्बरच्या प्लांटमधून सायनाइड आणि अमोनिया सुटला, मेलेले मासे वर आले आणि पुन्हा बंदी आली. अशा वेळी ‘पाणी तर निळंशार दिसतंय’ याला अर्थ नसतो. बंदीची पाटी असेल तर कुत्र्यालाही पाण्यात सोडू नये.

वाळू कुठून येते, कुठे जाते

या किनाऱ्यावरची वाळू ढोबळमानानं पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते. लाटा तिरक्या येतात, वाळूचा कण थोडा वर, थोडा पुढे असा झिगझॅग चालत राहतो. वाटेत धक्का आडवा आला की त्याच्या पूर्वेला वाळू साचते आणि पश्चिमेला किनारा उपाशी राहतो. बर्न्स हार्बरचं बंदर १९७० मध्ये सुरू झालं. त्याच्या पश्चिमेला ऑग्डन ड्यून्स आणि पोर्टेजचा किनारा आहे, आणि तिथले लोक आजही दगड, स्टीलचे पत्रे आणि ट्रकनं आणलेली वाळू यांच्या भरवशावर घरं वाचवताहेत. मिलर त्याच्याही पश्चिमेला, आणि मिलरच्या पुढे गॅरी वर्क्सचा सरोवरात घुसलेला भराव. म्हणजे मिलर त्या भरावाच्या फायद्याच्या बाजूला पडतं. ज्या प्लांटनं गॅरीच्या टेकड्या खाल्ल्या, त्याच्याच भिंतीला अडून मिलरची वाळू टिकली, हे गंमतीचं आहे.

वाळूनं इथे एक नदीसुद्धा गिळली आहे. ग्रँड कॅल्युमेट नदी पूर्वी मिलरजवळ सरोवराला मिळायची. एकोणिसाव्या शतकात वाळूनं तिचं मुख बुजलं. मार्केट पार्कातली तळी म्हणजे त्या नदीचा उरलेला तुकडा. आता नदी तिथून उलटी पश्चिमेला निघते आणि इंडियाना हार्बरच्या कालव्यातून सरोवरात जाते.

सरोवराची पातळीसुद्धा वर्षानुवर्षं खालीवर होते. ऑक्टोबर १९८६ मधला उच्चांक आणि जानेवारी २०१३ मधला नीचांक यांत जवळजवळ १.९ मीटरचा फरक आहे, आणि २०२० मध्ये पाणी पुन्हा उच्चांकाच्या आसपास आलं होतं. उतार इतका मंद आहे की पातळी हातभर वाढली तरी बीच कित्येक पावलं आखडतो. म्हणून जुने फोटो बघून ‘बीच वाहून गेला’ किंवा ‘बीच वाढला’ असं म्हणण्याआधी फोटोचं साल बघावं.

घर घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तळ्यांजवळच्या सखल भागात भूजल सरोवराबरोबर वर येतं, त्यामुळे पातळी खाली असलेल्या वर्षी कोरडं दिसलेलं तळघर पुढे ओलं होऊ शकतं. टेकडीवरच्या घराला तो त्रास नाही, पण उतारावरची झाडं ‘व्ह्यू’साठी तोडली की वाळू चालू लागते. आणि कराचं: इंडियानात घरपट्टीची मर्यादा राहत्या घराला मूल्याच्या १ टक्का, भाड्याच्या किंवा सुट्टीच्या घराला २ टक्के. विकणारा स्वतः राहत असेल तर त्याचं बिल बघून हुरळून जाऊ नका, तुम्ही तिथे राहणार नसाल तर आकडा वेगळा येईल.

किनाऱ्यावर चालायचा हक्क हा इथला आवडता वाद. २०१८ मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयानं गंडरसन खटल्यात स्पष्ट केलं की नैसर्गिक सामान्य उच्च जलरेषेपर्यंतचा किनारा राज्याच्या मालकीचा आहे आणि लोकांना तिथून चालता येतं. तेव्हा कोणाच्या घरासमोरून जाताना पाण्याजवळच्या ओल्या वाळूवरून चाला, कोणी हटकलं तर हसून पुढे जा. वरच्या कोरड्या वाळूत चटई टाकायची असेल तर मात्र सार्वजनिक बीचवरच टाका.

टेकड्यांवर चढताना

समोरच्या टेकडीवर हिरवं, धारदार पात्यांचं गवत दिसतं ते मॅरम. ते वाळूखाली आडव्या खोडांचं जाळं पसरतं आणि वरून वाळू पडली की मरायच्या ऐवजी आणखी वर येतं. टेकडी उभी आहे ती याच्या जिवावर. पण पायाखाली आडवं खोड एकदा तुटलं की तेवढा भाग उघडा पडतो, वारा तिथे बोट घालतो आणि पाहता पाहता मोठी खोलगट फट होते. रस्सी लावलेली असेल तिथून आत जाऊ नका, एवढंच.

लेक स्ट्रीटवरच्या पॉल डग्लस केंद्रापासून निघणारी मिलर वुड्सची पायवाट जाऊन-येऊन साधारण साडेपाच किलोमीटर आहे. (डग्लस हे इलिनॉयचे सेनेटर. ही जमीन स्टील आणि बंदरापासून वाचवण्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले. १९६६ मध्ये ‘राष्ट्रीय सरोवर किनारा’ मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला.) वाट आधी तळी आणि वाळूचे कणे यांमधून जाते: एक उंचवटा, एक पाणथळ, पुन्हा उंचवटा. हे कणे म्हणजे सरोवर मागे हटत गेलं तसतसे उरलेले जुने किनारे. उंचवट्यांवर काळ्या ओकची विरळ राई आहे. ती विरळ राहावी म्हणून उद्यानवाले ठरवून आग लावतात, नाहीतर झुडपं माजून खालची फुलझाडं गुदमरतात. पुढे ओक संपतात, मग कॉटनवुड, मग मॅरम, मग उघडी वाळू आणि पाणी. पाण्यापासून उलट चालत आलात तर कोवळ्या वाळूपासून जुन्या जंगलापर्यंतचा प्रवास पायांखालून जातो. शिकागो विद्यापीठाचे हेन्री काउल्स यांनी १८९९ मध्ये याच पट्ट्यातल्या टेकड्यांवरून वनस्पतींचा असा क्रम मांडला आणि परिसरशास्त्राच्या अभ्यासाला दिशा मिळाली.

या वाटेवर शेवटचा एक किलोमीटर जड जातो. सैल वाळूत प्रत्येक पावलाला अर्धं पाऊल मागे येतं. माणशी किमान एक लिटर पाणी घ्या, सँडल नको, बंद बूट घाला. वाळू उन्हात तळपायाला फोड आणते, आणि तिच्यात काटेरी निवडुंगही आहे. हो, बर्फ पडणाऱ्या प्रदेशात निवडुंग! झुडपांत अंगावर पुरळ आणणारी, तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही असते आणि मे ते जुलै गोचिडी. पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघा.

याच टेकड्यांच्या वाऱ्याला भुलून जून १८९६ मध्ये चौसष्ट वर्षांचे इंजिनिअर ऑक्टाव्ह शनूट काही सोबत्यांसह आगगाडीनं मिलरला उतरले. राइट बंधूंच्या सात वर्षं आधीची ही गोष्ट. सरोवरावरून येणारा वारा टेकडीला धडकून वर चढतो, त्यात ग्लायडर सोडायचे आणि पडलात तर खाली मऊ वाळू. बघ्यांची गर्दी वाढली म्हणून त्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ते काही मैल पूर्वेला सरकले. तिथे त्यांच्या एकावर एक दोन पंखांच्या ग्लायडरनं ३५९ फुटांची झेप घेतली. पुलाच्या कैचीसारखी तारांनी ताणलेली त्याची बांधणी पुढे राइट बंधूंच्या विमानांत दिसली. मार्केट पार्कातलं अ‍ॅक्वाटोरियम आज शनूट आणि टस्कीगी वैमानिक (दुसऱ्या महायुद्धात लढलेले काळे अमेरिकी वैमानिक) या दोघांचं स्मारक आहे. मुळात ते १९२० च्या दशकाच्या सुरुवातीचं कपडे बदलायचं घर. वास्तुविशारद जॉर्ज माहेर यांनी काँक्रीटच्या ठोकळ्यांत बांधलेलं. नंतर ते बंद पडलं, पाणी मुरून गोठून काँक्रीट फुटत गेलं. १९९० च्या दशकापासून इथल्याच लोकांनी ते हळूहळू उभं केलं. गच्चीवर जायला मिळालं तर नक्की जा. १९२४ चं पॅव्हिलियनही माहेर यांचंच, तिथे आता लग्नं लागतात.

हा बीच सगळ्यांचा नव्हता, हेही सांगायला हवं. पार्कची जमीन स्टील कंपनीकडून शहराला मिळाली, पण भट्टीवर राबणाऱ्या काळ्या कामगारांना तिथे फिरकू दिलं जात नसे. ऑगस्ट १९४९ मध्ये ‘बीचहेड फॉर डेमोक्रसी’ या नावानं गाड्यांचा ताफा काढून लोक इथे आले, त्यांना दगडांनी उत्तर मिळालं. १९६७ मध्ये रिचर्ड हॅचर महापौर म्हणून निवडून आले, मोठ्या अमेरिकी शहरांतल्या पहिल्या काळ्या महापौरांपैकी एक. गोरी वस्ती शहर सोडून जाऊ लागली. १९६० मध्ये १,७८,३२० असलेली गॅरीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ६९,०९३ भरली. मिलरमधल्या रहिवाशांनी तेव्हा संघटना बांधून, लोकांना घाबरवून घरं विकायला लावणाऱ्या दलालांना विरोध केला. गॅरीच्या या कोपऱ्यात आज काळ्या आणि गोऱ्या कुटुंबांची घरं शेजारी-शेजारी दिसतात त्यामागे तो खटाटोप आहे.

कसं जायचं

गाडी असेल तर आय-६५ उत्तरेला जिथे संपतो तिथून ड्यून्स हायवेनं पूर्वेला, मग लेक स्ट्रीटला डावीकडे. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी अकरानंतर पार्किंग मिळणं नशिबाचा भाग. गाडी नसेल तर शिकागोच्या मिलेनियम स्टेशनवरून साउथ शोअर लाइन पकडा, मिलरला साधारण तास-सव्वा तास लागतो. २०२४ मध्ये दुसरा रूळ सुरू झाला आणि मिलरचा फलाट उंच झाला, त्यामुळे आता बाबागाडी उचलून चढवावी लागत नाही. स्टेशनपासून डग्लस केंद्र सुमारे एक किलोमीटर, लेक स्ट्रीट बीच अडीच. सामान घेऊन, उन्हात, मुलांसह ते अडीच पाच वाटतात. चाकांची गाडी आणा, पण जाड चाकांची. सूटकेसची चाकं वाळूत रुततात. परतीची गाडी हुकली तर पुढची लवकर येईलच असं नाही, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. मिलर शिकागोच्याच वेळेवर चालतं, पण गाडी पुढे साउथ बेंडला जाते आणि तिथे घड्याळ एक तास पुढे असतं. गोंधळ होतो तो इथे.

हिवाळ्यातही लोक येतात, बर्फाचे कडे बघायला. बघा, पण काठावरून. शेल्फ आइस म्हणजे किनाऱ्याला चिकटून साचलेले बर्फाचे तुकडे आणि फेस; आत पोकळ्या असतात, वर ताजं हिम पडलं की भोकं झाकली जातात. वाळू कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं ते कळत नाही. त्यातून पाय खाली गेला तर माणूस बर्फाखालच्या पाण्यात पडतो, आणि वर यायचं भोक डोक्यावर राहतंच असं नाही. खाली वाळू आहे याची खात्री नसेल तिथे पाऊल टाकायचं नाही.

आणि सूर्यास्तासाठी येणार असाल तर महिना बघून या. जूनच्या शेवटी सूर्य थेट पाण्यात बुडतो, शिकागोच्या जरा डावीकडे. साधारण ४० किलोमीटरवरचे ते उंच टॉवर त्या वेळी काळ्या काड्यांसारखे दिसतात, खालचे मजले पृथ्वीच्या गोलाईआड गेलेले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सरळ पश्चिमेला असतो, म्हणजे बरोबर गॅरी वर्क्सच्या मागे. धुराड्यांची वाफ मग नारिंगी होते, आणि वारा पश्चिमेचा नसेल तर वास येत नाही.